वजन हळूहळू का उतरते

वजन घटविण्याचे औषध सुरू करून चार आठवडे लोटले, की रुग्ण वजनकाट्यावर उभा राहतो आणि बहुधा निराश होतो. काट्याने किलो-दोन किलोचाच फरक दाखविलेला असतो, कधी तेवढाही नसतो. वास्तविक औषधाची पूर्ण मात्रा तोवर त्याच्या शरीरात गेलेलीच नसते.

या औषधांच्या निर्मितीशी बंगळूर शहराचा निकटचा संबंध आहे. १९७८ साली तेथे एका गॅरेजमध्ये, पपईतील व माशांपासून मिळणारी द्रव्ये तयार करण्यासाठी 'बायोकॉन' ही कंपनी सुरू झाली. त्याच कंपनीच्या लिराग्लूटाइडला मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या औषध-नियंत्रकांनी मान्यता दिली. आपण जेवतो तेव्हा आतड्यांतील काही पेशी जीएलपी-१ नावाचा अंतःस्राव रक्तात सोडतात. त्यामुळे जठर सावकाश रिकामे होते आणि मेंदूला तृप्तीची सूचना मिळते. परंतु हा नैसर्गिक रेणू अवघ्या दोन-तीन मिनिटांत निम्मा नष्ट होतो. लिराग्लूटाइडच्या रेणूस मेदाम्लाची शेपटी जोडलेली असते. तिच्या योगे तो रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनास चिकटून राहतो व सुमारे तेरा तास टिकाव धरतो. म्हणून ते रोज टोचावे लागते. सेमाग्लूटाइड आठवड्यातून एकदाच पुरते.

सेमाग्लूटाइडच्या इंजेक्शनाचा प्रारंभ ०.२५ मिलिग्रॅमने होतो आणि मात्रा दर चार आठवड्यांनी वाढवीत सोळा आठवड्यांनंतर २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेली जाते. घाई केल्यास मळमळ व ओकाऱ्या यांनी रुग्ण हैराण होतो. काटा हलत नाही म्हणून स्वतःच्या मनाने मात्रा वाढविणे हा शुद्ध अविचार होय.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांनंतर हे औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. नव्वद किलो वजनाच्या व्यक्तीस हे प्रमाण लावून पाहू. सुमारे साडेतेरा किलो, म्हणजे आठवड्याला सरासरी दोनशे ग्रॅम! एक पेलाभर पाणी प्यायल्यानेही काटा इतका वर जातो. रोज वजन करणारा मनुष्य त्यामुळे मेदाचे नव्हे, बहुतांशी पाण्याचेच चढउतार मोजीत असतो. आठवड्यातून एकदा, ठराविक वारी, सकाळी अनशेपोटी केलेली नोंद अधिक विश्वसनीय. पुढे वर्ष उलटल्यावर घट थांबते, कारण लहान झालेल्या देहास ऊर्जाही कमी लागते. औषध निकामी झाल्याची ती खूण नव्हे. औषध बंद केल्यावर मात्र त्याच चाचणीतील ज्यांची पुढे पाहणी झाली, त्यांचे उतरलेले वजन वर्षभरात सुमारे दोन-तृतीयांश परत आले. म्हणून औषध किती काळ घ्यावयाचे व त्याचा खर्च झेपेल काय, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे.

उतरले ते नेमके काय, हा प्रश्न भारतीयांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली आपली दोघांची छायाचित्रे 'लॅन्सेट'मध्ये छापली. उंचीशी वजनाचे प्रमाण सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, मेद मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच बेताची असते. उपरोक्त चाचणीच्या एका लहान उपगटात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-पंचमांश भाग मेदाव्यतिरिक्त होता. तो सर्वच स्नायूंचा नसतो, पाणीही त्यात येते. तरी दुर्लक्ष करण्याजोगा तो खचित नाही. यास्तव वजनाच्या वहीत कमरेचा घेर लिहावा, आणि हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठता येते की नाही, हेही नोंदवावे. भूक मंदावलेला मनुष्य दोन घास इडलीचे खाऊन ताट सारतो आणि सांबारातील डाळ तशीच राहते. त्याने डाळ, दही, अंडे आधी खावे; इडली उरली तर उरू द्यावी.