‘ब्रॅगडोशिओ’ : अर्थ व उपयोग

इंग्रजीत बढाईस ‘बोस्ट’, ‘ब्रॅग’ हे नित्याचे शब्द आहेत. ‘ब्रॅगडोशिओ’ हा त्या मानाने क्वचित आढळतो. परंतु ‘बढाई’ एवढाच अर्थ फळ्यावर लिहून शिक्षकाने पुढे जाणे योग्य नव्हे.

हे मूळचे एका पात्राचे नाव होय. एडमंड स्पेन्सर याने ‘द फेअरी क्वीन’ या काव्यात (१५९०) ‘ब्रॅग’ या शब्दास इटालियन वळणाचा प्रत्यय जोडून ते योजिले. सर गायन नावाचा वीर परोपकारात गुंतला असता हा गृहस्थ त्याचा घोडा व भाला लांबवितो आणि शूर म्हणून मिरवू लागतो. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील भागात घोड्याच्या तोंडातील काळ्या खुणेवरून चोरी उघडकीस येते व चोराची दाढी भादरली जाते! विराटपर्वातील उत्तर ज्यांना ठाऊक आहे त्या मुलांना हे पात्र परके वाटणार नाही. मात्र उत्तर पुढे अर्जुनाचे सारथ्य तरी करतो.

‘बोस्ट’ खऱ्या गोष्टीचीही असू शकते. ‘ब्रॅगडोशिओ’त पोकळपणा बहुधा गृहीत असतो. मराठीतील ‘वल्गना’ त्यास अधिक जवळची. शर्यतीत खरोखर पहिला आलेला मुलगा ते चारचौघांत सांगत सुटला, तर त्यास ‘ब्रॅगडोशिओ’ म्हणणे म्हणजे त्याला खोटा ठरविणे होय.

हा शब्द नाम आहे, त्याचे क्रियापद होत नाही. त्यामागे ‘अ’ हे उपपद सहसा लावीत नाहीत : ‘इट वॉज मिअर ब्रॅगडोशिओ’.