‘उपजत’ या विशेषणाचे सामाजिक कार्य

विशेषण नामाची माहिती देते. पण काही वेळा ते माहिती झाकतेही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या आदिवासी धावपटू कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ या त्यांच्या नावात गावाचा गौरव आहे. मात्र आदिवासी खेळाडूला ‘उपजत काटक’ म्हटले की यशाचा कर्ता निसर्ग ठरतो आणि प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्याकडे केलेला सराव वाक्याबाहेर राहतो.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्येही मूलनिवासी खेळाडूंच्या कौशल्याला ‘जादू’ म्हटले जाते. तरीही त्यांच्यापैकीच ॲडम गुड्स यांना २०१५ मध्ये प्रेक्षकांची हुर्यो सतत सोसावी लागली. अशी स्तुती म्हणजे सन्मान नव्हे.

श्रम दिसले नाहीत, तर अडचणीही दिसत नाहीत. गडचिरोलीच्या गोंडी भाषक मुलाला नागपूरच्या शिबिरातील मराठी-हिंदी सूचना समजतात काय, हा प्रश्न ‘उपजत’ म्हणणाऱ्याला सुचतच नाही.

स्वाध्याय : वृत्तपत्राच्या क्रीडापानावरील अशी तीन विशेषणे शोधा. प्रत्येकाच्या जागी खेळाडूची कृती सांगणारे क्रियापद योजून वाक्य पुन्हा लिहा.