जून विसर, एप्रिल धर

अगं, आधी जून डोक्यातून काढ. तुझं सगळं गणित पावसावर बसलेलं. नवा रेनकोट, पुस्तकांना कव्हरं आणि जूनच्या मध्यावर शाळेची घंटा. इकडे मध्यप्रदेशात नवं सत्र 1 एप्रिलला लागतं. बाहेर ऊन रणरणत असतं, पाडव्याच्या गाठीचे तुकडे अजून डब्यात असतात आणि पोरं पुढच्या इयत्तेच्या बाकावर बसलेली असतात. 2025 मध्ये तर 30 मार्चला पाडवा आणि दोन दिवसांनी शाळा! महिनाभर वर्ग भरतात, मे लागला की सुट्टी, आणि सरकारी शाळा 16 जूनला परत उघडतात. खासगीवाले दोन-चार दिवस इकडेतिकडे करतात, पण चाल तीच. महाराष्ट्रातून बदलीवर येणारी मंडळी निवांत जूनमध्ये उतरतात आणि मग वर्गात कळतं की पहिले धडे केव्हाच होऊन गेले.

तिकडची वार्षिक परीक्षा एप्रिलात असते ही खरी अडचण आहे, मान्य. म्हणून प्रवेशाचं बोलणं मार्चमध्येच करून ठेव. परीक्षा आटोपून एप्रिलातला एक आठवडा जरी हाती लागला, तरी लेकीला घेऊन ये आणि बसव वर्गात. धडे बुडाले तर बुडू देत, ते मे महिन्यात भरून निघतात. एप्रिल मला हवाय तो तिच्या कानासाठी. मैडम कशा बोलतात, डबा कुणाबरोबर खायचा, पाणी प्यायला जायचं तर कसं विचारायचं, हे सुट्टीआधी एकदा कळलं की जूनमध्ये ती ओळखीच्या ठिकाणी परत जाते. नाहीतर सोळा जूनला बाकीच्यांच्या जोड्या जमलेल्या असतात आणि आपली एकटी दारात.

इंग्रजी माध्यम घेतलंयस म्हणून हिंदीची काळजी नाही, असं समजू नकोस. फळ्यावर इंग्रजी असलं तरी मैदानावर, बसमध्ये, बाईंच्या रागवण्यात हिंदीच असते. आणि गणितात खरी गंमत होते. तोंडी हिशेबात मैडम 'उनहत्तर' म्हणतात, आपलं पोर गोंधळून 79 लिहितं, आणि शेरा येतो 'गणित कच्चं'. गणित ठीकच असतं. म्हणून मे महिन्यात दुपारी पन्हं पिता पिता एक ते शंभर हिंदीतून म्हणवून घे. दुसरं, लिपी एकच असल्यामुळे आपण गाफील राहतो. मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ लिहायची सवय, त्यामुळे हिंदीच्या वहीत ती कवी, शांती, शक्ती असं लिहिणार आणि तिथे लाल रेघ येणार. त्यावरून तिला बोलू नकोस. मैडमना मात्र पहिल्याच भेटीत सांगून टाक की पोरगी मराठी शाळेतून आलीय.

आणि तू स्वतः घाबरलीस की मुक्तिबोध आठव. गजानन माधव मुक्तिबोध, 1917 चा जन्म, घर मराठी, वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात. वडिलांची बदली झाली की मुलाची शाळा बदलायची, तुझ्या घरात आता चाललंय तेच. 1930 मध्ये मिडलच्या परीक्षेत हा मुलगा नापास झाला. कुठे माहितीये? इथेच, उज्जैनला! पुढे ह्याच गावात दौलतगंजच्या शाळेत मास्तर झाला, आणि 1943 च्या 'तार सप्तक'मध्ये आला तेव्हा हिंदी कवितेची वाटच बदलायला निघालेल्यांतला एक होता. धाकटा भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिला आणि साहित्य अकादमीचा मानकरी झाला. एका घरात दोन भाषा सुखाने नांदल्या. तेव्हा शाळेतून कुणी सुचवलंच की 'घर में भी हिंदी बोलिए', तर हसून मान हलव आणि घरी येऊन मराठीतच बोल. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये राजधानी इथून ग्वाल्हेरला हलवली, तरी मागे राहिलेल्या घरांतून मराठी अजून ऐकू येते. ती सरकारी हुकमाने टिकली नाही गं, स्वयंपाकघरात टिकली.

सरकारी शाळांतही एप्रिलच्या सुरुवातीला 'स्कूल चलें हम'ची धामधूम असते, प्रवेशोत्सव, टिळा, फुलं. 2025 च्या मोहिमेत चार दिवसांचा कार्यक्रम होता, आणि त्यात नापास झालेल्या मुलांच्या पालकांशी बोलायलाही वेळ राखून ठेवला होता. मला त्या सगळ्या ढोलताशांत तेवढीच गोष्ट मनापासून आवडली. त्यात पाचवी-आठवीला इथे पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा असते. तुझी पाचवीत येतेय ना? मग हे आत्ताच ऐकून ठेव. फेब्रुवारीत कुणीतरी सांगेल आणि तुझं ब्लडप्रेशर वाढेल.

सरकारी शाळा म्हटल्यावर नाक मुरडू नकोस हं. आधी ज्यांना सीएम राइज म्हणायचे, त्या शाळांना 2025 मध्ये सांदीपनि विद्यालय हे नाव मिळालं. आपल्याच संभागातल्या रतलामच्या विनोबा शाळेला, ती याच योजनेतली, 2024 मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत नवोपक्रमासाठी पहिलं बक्षीस मिळालं. सगळ्या तशा आहेत असं मी म्हणत नाही. पण जाऊन बघायला काय पैसे पडतात? आणि सांदीपनींचा आश्रम इथेच अंकपाताला आहे, लेकीला एकदा दाखवून आण. कृष्णाने म्हणे तिथे चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकून घेतल्या. खासगी शाळांच्या जाहिराती वाचल्या की वाटतं, ह्यांनी तोच अभ्यासक्रम उचललाय!

आता कागद. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार हे तू आणशीलच. पण इथे पहिला प्रश्न येतो, 'समग्र आईडी है?' मध्यप्रदेशात राहायचं तर कुटुंबाचा आठ आकडी आणि प्रत्येक माणसाचा नऊ आकडी समग्र क्रमांक लागतो. परगावहून आलेल्यांचा तो नसतोच. राहत्या पत्त्याचा कागद मिळाला की लगेच त्याच्या मागे लाग, जून उजाडायची वाट बघू नकोस, कारण तेव्हा सगळं गाव ऑनलाइनवाल्याच्या दुकानात उभं असतं. तिकडच्या शाळेकडून मुलीचा यूडायसवरचा पेन क्रमांक लिहून घे आणि त्यांच्या नोंदीतून तिला मोकळं करायला सांग. नाहीतर इकडच्या शाळेला तिची नोंद ओढून घेता येत नाही. परराज्यातल्या दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागेल का, हे प्रवेश घेतेस त्या शाळेलाच आधी विचार. दुसऱ्या कुणाच्या सल्ल्यावर जाऊ नकोस, माझ्यासुद्धा.

पैशांचं थोडक्यात सांगते. इथे खासगी शाळांच्या फीचा 2017 चा कायदा आहे. दहा टक्क्यांवर वाढ करायची तर शाळेला जिल्हा समितीकडे जावं लागतं, पंधराच्या वर गेलं की राज्य समितीकडे. लहान फीच्या शाळांना अलीकडे त्यातून सूट मिळालीय, म्हणून आपली शाळा कशात बसते ते बघ. पुस्तकं आणि गणवेश अमुक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती शाळेला करता येत नाही. कुणी तसं सुचवलंच तर भांडू नकोस, फक्त 'लिखित में दे दीजिए' म्हण. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. यादी घेऊन सतीगेट-कंठाळच्या बाजूला एक चक्कर टाक, फ्रीगंजातही विचार, आणि वरच्या वर्गातल्या मुलीची जुनी पुस्तकं मिळाली तर बिनदिक्कत घे. तुझ्याकडे भांडी घासायला जी कुणी येईल तिच्या पोराचंही विचार. आरटीईखाली खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा असतात, अर्ज ऑनलाइन, सोडत निघते, आणि तारीख उलटून गेल्यावर त्या बायकांना कळतं. तिचा फॉर्म तूच बसून भर.

व्हॅन ठरवताना मात्र कंजुषी नको. 2022 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, उन्हेलच्या रस्त्यावर, शाळेच्या मुलांची गाडी आणि ट्रक यांची टक्कर झाली, चार लेकरं गेली. तेव्हापासून मी प्रत्येकीला हेच सांगते की भाडं नंतर विचार, आधी सकाळी गेटवर उभी राहून गाडीतून किती मुलं उतरतात ते मोज. ड्रायव्हर कोण, मागे कुणी मोठं माणूस बसतं का, दप्तरं टपावर बांधलीत की दारात लोंबताहेत, सगळं दिसतं. त्यात 2028 च्या सिंहस्थाची कामं चाललीत. आज होता तो रस्ता उद्या खोदलेला असतो, म्हणून घर शोधतानाच शाळेपासूनचं अंतर धर.

आता सोमवारचं ऐक, हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. श्रावणात दर सोमवारी दुपारी चारला महाकालाची सवारी निघते. गुदरी, बक्षी बाजार, रामघाट, मग कार्तिक चौक, ढाबा रोड, छत्री चौकावरून गोपाळ मंदिर आणि परत. त्या गर्दीत शाळेची बस अडकली की अडकली. म्हणून अलीकडे कलेक्टर आदेश काढून शहरातल्या शाळांना सोमवारी सुट्टी देतात आणि रविवारी शाळा भरवतात. 2025 मध्ये 14 जुलै ते 11 ऑगस्ट असं चाललं, आणि त्यावर राजकारणही रंगलं. मला विचारशील तर, मूल बसमध्ये तीन तास ताटकळण्यापेक्षा हे बरं. पण बापाला रविवारी सुट्टी आणि लेकीला सोमवारी, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही, ही बायकांची तक्रारही खरीच.

आणि लक्षात ठेव, इथला श्रावण आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो. तुझ्या सासूबाई दिनदर्शिका बघून म्हणतील, अजून आषाढ चाललाय, आणि दारात शिवामूठ नाही तर थेट शाळेचा मेसेज येईल. तेव्हा जुलै-ऑगस्टात पुण्याला जायची रविवारची तिकिटं यंदाचा आदेश हातात पडेपर्यंत काढू नकोस. शनिवारी रात्रीचीही नकोच.