कऱ्हाड ते मुंबई : विजेच्या गाडीचा हिशोब
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला. माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, गेली बावीस वर्षे दुसऱ्याच्या टूरिस्ट गाडीवर ड्रायव्हर आहेत. कऱ्हाडहून मुंबईच्या विमानतळावर माणसे पोहोचवणे आणि तिकडून आणणे हे त्यांचे मुख्य काम. आता कर्ज काढून स्वतःची गाडी घ्यावी, असे त्यांच्या मनात आले. मालकाने नुकतीच विजेवर चालणारी एक गाडी घेतली होती. तशीच घ्यावी की नेहमीची डिझेलची घ्यावी, यावर घरात रोज चर्चा होऊ लागली. एके रात्री आप्पा मला म्हणाले, "तू कॉलेजात जातेस. अर्थशास्त्र शिकतेस. मग हिशोब करून सांग."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. आप्पांनी माझे मत विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यामुळे हा हिशोब मी परीक्षेच्या पेपरपेक्षाही जपून केला. आमच्या गल्लीत राहणाऱ्या, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सरांनी त्यातील विज्ञानाचा भाग तपासून दिला. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या हा प्रश्न येईल, म्हणून तो येथे मांडत आहे.

थोडा इतिहास

विजेची मोटार ही आजकालची कल्पना आहे, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. १८९९ साली पॅरिसजवळ कामीय झेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ती चालवली. मग ती मागे का पडली? लांबच्या प्रवासात बॅटरी पुरत नसे, आणि पेट्रोल मात्र डब्यातूनही नेता येत असे.

तथापि पेट्रोलच्या गाडीचा पहिला लांबचा प्रवासही सुखाचा नव्हता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे १०० किलोमीटर, मोटारीने गेल्या. त्या वेळी जगात पेट्रोल पंप नव्हता. वाटेत वीसलोख गावी त्यांनी औषधांच्या दुकानातून इंधन विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने ती मोकळी केली. सांगायचा मुद्दा असा, की गाडी आधी येते आणि रस्त्यावरची सोय मागाहून येते. मधल्या काळात जो गाडी चालवतो, त्याला वाटेवरचे औषधाचे दुकान माहीत असावे लागते.

बॅटरीत किती मावते?

विजेच्या गाडीच्या बॅटरीचे माप आपल्या घरच्या मीटरप्रमाणे युनिटात करतात. मी उदाहरणासाठी ४० युनिटांची बॅटरी धरली आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. म्हणजे ४० युनिटांची बॅटरी ही ४ लिटर डिझेलच्या बरोबरीची झाली! हे वाचून आप्पा हसले. परंतु डिझेलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकी फार मोठा भाग चाकांना देते. म्हणून एका युनिटात गाडी महामार्गावर साधारण साडेसहा किलोमीटर जाते, असे मी धरले.

कंपनीच्या पत्रकातील आकडा यापेक्षा बराच मोठा असतो. तो ठरावीक चाचणीतला असतो. त्या चाचणीत आपला वेग, आपला घाट आणि आपले सामान नसते. वेगाचे तर विशेष आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गाडी हाणली, तर हा अडथळा दीडपटीहून अधिक होतो. म्हणून लांबच्या वाटेवर चार्जिंगची पहिली बचत ड्रायव्हरच्या पायाखाली असते.

घाटाची भीती मात्र मला वाटली होती तितकी खरी निघाली नाही. बोरघाटात खोपोलीच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण आहे. माणसांसह गाडीचे वजन १,८०० किलो धरले, तर एवढे वजन तितके उंच उचलण्यास सुमारे २.७ युनिट लागतात. इतर तूट मिळवून ३ युनिट म्हणू. उतरताना तीच मोटर जनित्रासारखी चालते आणि यातला काही भाग बॅटरीत परत येतो. मुंबईला जाताना घाट देतो आणि येताना घेतो, एवढे लक्षात ठेवून परतीच्या वाटेवर ३ युनिट जादा हाताशी ठेवावेत.

ऐंशी टक्क्यांचे कोडे

डिझेलची टाकी चार मिनिटांत भरते. बॅटरीला वेळ का लागतो? ४० लिटर डिझेल म्हणजे ४०० युनिट. ते चार मिनिटांत भरणारा पंप हा ६,००० किलोवॅटचा चार्जर झाला. आपल्या रस्त्यावरचा नेहमीचा जलद चार्जर ५० किलोवॅटच्या आसपास असतो. घरातल्या मोठ्या प्लगातून तर जेमतेम ३ किलोवॅट मिळतात, म्हणजे पूर्ण बॅटरीला तेरा-चौदा तास.

शिवाय जलद चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो. याचे कारण सरांनी एस.टी.च्या उदाहरणाने सांगितले. रिकाम्या गाडीत पहिली तीस माणसे धावत चढतात आणि दिसेल तेथे बसतात. शेवटच्या दहांना जागा शोधत जावे लागते. त्यांना मागून ढकलले तर चेंगराचेंगरी होते. बॅटरीतले लिथियमचे कण असेच ग्रॅफाइटच्या थरांत जागा शोधतात. शेवटी घाई केली, तर आत शिरण्याऐवजी त्यांचा लेप बाहेरच साचतो आणि बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून गाडीच प्रवाह कमी करते. थोडक्यात, लांबच्या वाटेवर बॅटरी काठोकाठ भरत बसू नये. ८० टक्क्यांवर उठावे आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा भरावे.

प्रत्यक्ष प्रवास

मालकाची गाडी कामासाठी रिकामीच मुंबईला जायची होती, तेव्हा आप्पांबरोबर मीही गेले. अंतर सुमारे ३२० किलोमीटर. रात्रभर चार्ज झालेली गाडी घेऊन आम्ही पहाटे निघालो. भरलेल्या बॅटरीतून १५ टक्के राखून ३४ युनिट वापरता येतात, म्हणजे सुमारे २२० किलोमीटर. तेव्हा पुणे ओलांडून द्रुतगती मार्गाला लागण्याआधी चार्जिंग करायचे, असे मी वहीत लिहून ठेवले होते.

आम्ही ठरलेल्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा तेथील दोन चार्जरपैकी एक बंद होता, दुसऱ्यावर एक गाडी लागलेली होती आणि तिच्या मागे आणखी एक उभी होती. पैसे भरण्यासाठी फोनमध्ये त्या कंपनीचे वेगळे ॲप हवे होते. आप्पांच्या फोनमध्ये दुसऱ्याच कंपनीचे होते. ते सारे मी जमवले. तोपर्यंत आप्पा चहा घेऊन आले, त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "गाडीत पॅसेंजर असता आणि त्याचं विमान असतं, तर?"

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. आमच्या नंबराची वाट पाहण्यात पन्नास मिनिटे गेली आणि चार्जिंगला पाऊण तास लागला. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर चार्जिंग केंद्र असावे, असे केंद्र सरकारचे मार्गदर्शक धोरण आहे. परंतु केंद्र असणे, ते चालू असणे आणि ते मोकळे असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दिवशी आम्ही एक नियम केला : कोणत्याही केंद्रावर पोहोचताना, ते बंद निघाले तर पुढच्या केंद्रापर्यंत जाता येईल एवढे चार्जिंग शिल्लक असलेच पाहिजे. आणि विमानाचे भाडे असेल तर नेहमीपेक्षा दीड तास आधी निघायचे.

जमाखर्च

आता पैशांचा हिशोब. जाऊन-येऊन ६४० किलोमीटर. डिझेलची गाडी लिटरला १८ किलोमीटर आणि लिटरचा भाव ९० रुपये धरला, तर एका खेपेला सुमारे ३,२०० रुपये. विजेच्या गाडीला ९८ युनिट लागतात. त्यातले ३४ घरून नेले (चार्जिंगमधली तूट धरून मीटरवर ३८ पडतात) आणि युनिटला १० रुपये धरले, तर ३८० रुपये. उरलेले ६४ रस्त्यावर २० रुपयांनी घेतले, तर १,२८० रुपये. एकूण १,६६० रुपये. म्हणजे एका खेपेला सुमारे १,५४० रुपये वाचतात. त्यापोटी रांग सोडून जवळजवळ दोन तास चार्जिंगला द्यावे लागतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणातील द्रुतगती मार्गावरची टोलमाफी मी यात धरलेली नाही, ती वेगळी.

दोन गाड्यांच्या किमतीत ३ लाखांचा फरक धरला, तर व्याज सोडून तो फरक १९५ खेपांत भरून निघतो. महिन्याला आठ खेपा असतील तर दोन वर्षांत, चारच असतील तर चार वर्षांत. हे पाहून मी आनंदाने वही मिटली होती. पण आईने विचारले, "रात्री गाडी लावायची कुठं?"

आमचे घर गावठाणात आहे. गल्लीत गाडी शिरत नाही. ती रस्त्यावर, घरापासून दोनशे पावलांवर लावावी लागते. तेथपर्यंत वायर नेणार कशी? घरचे ३८० रुपयांचे चार्जिंग आम्हाला मिळणारच नव्हते. सगळे ९८ युनिट रस्त्यावर घ्यायचे म्हणजे १,९६० रुपये. मग बचत १,२४० रुपयांवर येते आणि ३ लाख भरून निघण्यास सुमारे २४२ खेपा लागतात. महिन्याला चार खेपा धरल्या तर पाच वर्षे, म्हणजे कर्जाची पूर्ण मुदत.

मला वाटते, या साऱ्या अभ्यासातील खरी गोष्ट हीच आहे. आपण महामार्गावरच्या चार्जरची चर्चा करतो. पण लांबच्या प्रवासाची सुरुवात रात्री घरापाशी होते. ज्याच्या घराला अंगण आहे आणि भिंतीवर मीटर आहे, त्याला वीज निम्म्या भावात पडते आणि सकाळी भरलेली गाडी मिळते. ज्याला अंगण नाही, तो दुप्पट भाव देतो आणि रांगेतही तोच उभा राहतो. भाड्याची गाडी चालवणारे बहुसंख्य लोक या दुसऱ्या वर्गातले आहेत. धोरण आखताना महामार्गाइतकाच स्टँडजवळच्या रात्रीच्या तळाचाही विचार व्हायला हवा.

निष्कर्ष

विजेच्या गाडीने लांबचा प्रवास करता येतो का? येतो. घाट आडवा येत नाही. पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात : रात्रीच्या चार्जिंगची खात्रीची जागा, वाटेत एकाऐवजी दोन केंद्रांची माहिती आणि घड्याळात दीड-दोन तासांची सवड. यातली पहिली नसेल तर घाई करू नये. शिवाय बॅटरीची हमी भाड्याच्या गाडीला कोणत्या अटींवर मिळते, ते कागद वाचूनच सही करावी.

आप्पांनी अद्याप बयाणा दिलेला नाही. माझ्या आत्याचे घर रस्त्याला लागून आहे आणि बाजूला पत्र्याची शेड आहे. तेथे वेगळा मीटर बसवण्यासाठी आत्याच्या नावाने अर्ज केला आहे. तो अर्ज मी लिहिला. आप्पांनी तो दोनदा वाचून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. मीटर बसला तर विजेची गाडी, नाही बसला तर आणखी एक वर्ष मालकाची गाडी, असे आमच्या घरात ठरले आहे.