स्पिनालोंगाची पडकी घरे

(पडक्या इमारती मुक्या असतात, असे आपल्याला वाटते. नीट पाहिले तर त्या पुष्कळ काही सांगतात. भूमध्य समुद्रातील एका लहान बेटावरील अशाच इमारतींची ओळख या पाठात करून दिली आहे.)

भूमध्य समुद्रात क्रीट नावाचे मोठे बेट आहे. ते ग्रीस देशाचा भाग आहे. त्याच्या ईशान्य किनाऱ्याजवळ स्पिनालोंगा हे चिमुकले बेट आहे. समोरच्या प्लाका गावातून होडीत बसले, की काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. आज तेथे कोणी राहत नाही. दिवसा प्रवासी येतात, पडक्या घरांमधून फिरतात आणि परत जातात.

होडीतून प्रथम दिसतो तो किल्ल्याचा भक्कम तट. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५७९ साली हा किल्ला बांधायला घेतला. पावसाचे पाणी साठवण्यासाठी त्यांनी टाकीही बांधली. १७१५ साली किल्ला तुर्कांच्या ताब्यात आला. मग येथे मुस्लिम कुटुंबे राहू लागली. त्यांनी घरे, दुकाने आणि मशीद बांधली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे हजारावर लोक राहत होते. क्रीटवरील तुर्कांची सत्ता संपली, तेव्हा ही कुटुंबे बेट सोडून गेली.

रिकाम्या झालेल्या घरांचे काय करायचे? १९०३ साली क्रीटच्या सरकारने ठरवले, की कुष्ठरोग्यांना या बेटावर ठेवायचे. १९०४ साली पहिले २५१ रोगी येथे आणले गेले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. लोक रोग्याच्या सावलीलाही भीत. रोग जडला, की घरदार आणि मुलेबाळे सोडून येथे यावे लागे.

तटाच्या आत जाण्यासाठी एक अंधारा बोगदा आहे. त्याला 'दान्तेचा दरवाजा' म्हणतात. इटलीचा कवी दान्ते याने आपल्या काव्यात नरकाच्या दाराचे वर्णन केले आहे, त्यावरून हे नाव पडले. या बोगद्यातून आत जाणाऱ्या माणसाला परत घरी जाण्याची आशा नसे.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर मात्र वेगळेच दृश्य दिसते. दोन्ही बाजूंना घरे आणि मधून अरुंद रस्ता. येथे दुकान होते, पलीकडे कपडे धुण्याच्या टाक्या होत्या, वर दवाखाना होता. ही खूण कैदखान्याची नाही, ही तर गावाची खूण!

हे गाव रोग्यांनीच उभे केले. १९३६ साली एपामिनोंदास रेमुंदाकिस हा कायद्याचा तरुण विद्यार्थी रोगी म्हणून येथे आला. त्याने सर्वांना एकत्र आणून एक संघटना स्थापन केली. घरांना चुना लागला, झाडे लावली गेली, नाटके होऊ लागली. येथे लग्ने झाली, मुले जन्मली, त्यांच्यासाठी शाळाही निघाली. समाजाने ज्यांना टाकून दिले, त्यांनी स्वतःचा समाज निर्माण केला.

पुढे या रोगावर गुणकारी औषधे निघाली. १९५७ साली ही वसाहत बंद झाली. मृतांसाठी प्रार्थना करायला एक पाद्री तेवढा मागे राहिला. १९६२ साली तोही निघून गेला. मग छपरे कोसळली आणि अंगणात गवत वाढले. पुढे पुरातत्त्व खात्याने काही घरांची दुरुस्ती केली.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. आपल्या देशात ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. लवकर उपचार केल्यास व्यंगही टळते. तरीही काही लोक रोग्यापासून दूर पळतात. स्पिनालोंगाचे तट दगडाचे होते, ते आता ढासळत आहेत. मनातले तट मात्र आपणच पाडायचे असतात.

शब्दार्थ
तट – किल्ल्याची भिंत. बोगदा – जमिनीखालून किंवा भिंतीतून जाणारी वाट. वसाहत – वस्ती. व्यंग – शरीरातील दोष. ढासळणे – कोसळणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्पिनालोंगा बेट कोठे आहे?
(आ) वसाहत कोणत्या साली बंद झाली?
२. कारणे द्या.
(अ) बोगद्याला 'दान्तेचा दरवाजा' हे नाव पडले.
(आ) आज कुष्ठरोग्याला दूर ठेवण्याची गरज नाही.
३. 'मनातले तट' म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या इमारतीची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा व पाच वाक्ये लिहा. पडक्या भिंतींवर चढू नका.