व्यवसाय कर, रोजगार हमी आणि राज्यांचे अधिकार

शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यापैकी बहुतेकांच्या वेतनपत्रकात 'व्यवसाय कर' या नावाने एक लहानशी रक्कम दरमहा वजा झालेली दिसते. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. फेब्रुवारीतील या जादा शंभर रुपयांचा उलगडा पुष्कळांना होत नाही. वर्षाची बेरीज नेमकी २,५०० रुपये व्हावी, एवढाच त्यामागील हेतू आहे. कारण या कराची कमाल मर्यादा राज्याच्या कायद्याने नव्हे, तर खुद्द भारताच्या संविधानाने घालून दिलेली आहे. केंद्र व राज्ये यांच्यातील सत्तेचा समतोल हा विषय बहुधा राज्यपालांचे अधिकार किंवा राष्ट्रपती राजवट यांच्या अनुषंगाने चर्चिला जातो. परंतु वेतनपत्रकातील या एका ओळीचा मागोवा घेतला तरी त्याचे मर्म हाती लागते.

सूची आणि तिजोरी

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूची, राज्य सूची व समवर्ती सूची अशा तीन सूची आहेत, हे शालेय विद्यार्थीही जाणतात. मूळ संविधानात त्यांत अनुक्रमे ९७, ६६ व ४७ विषय होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण व वने यांसह पाच विषय राज्यांकडून समवर्ती सूचीत गेले. समवर्ती विषयावर संसद व राज्य विधानमंडळ या दोहोंनाही कायदा करता येतो. मात्र दोन कायद्यांत विसंगती आल्यास सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. आपण सूची पाठ करतो व येथेच थांबतो. वास्तविक, कायदा करण्याचा अधिकार आणि तो कायदा निभावून नेण्यासाठी लागणारा पैसा या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिली आहे पण दुसरी नाही, अशा राज्याचा अधिकार बव्हंशी कागदावरच राहतो.

रोजगार आणि बेकारी हा विषय समवर्ती सूचीतील आहे. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. परंतु तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून आणि राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. संसदेने या विषयावर ग्रामीण भागासाठी हमीचा कायदा केलेला नसताना महाराष्ट्राने तो करण्याचे ठरविले. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला होता व सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात तिचा प्राथमिक प्रयोगही झाला होता. १९७२ मध्ये योजना सुरू झाली, आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. पुढील वर्षी दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली. त्या काळात योजनेऐवजी दुष्काळनिवारणाचीच कामे चालली. दुष्काळ ओसरल्यावर प्रश्न उभा राहिला तो असा, की आपत्तीच्या वर्षी जे करता येते ते दरवर्षी, मागेल त्याला, हक्क म्हणून कसे द्यावयाचे?

उत्तर करांच्या रूपाने देण्यात आले. राज्य सूचीतील ६० व्या नोंदीनुसार व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवर कर बसविण्याचा अधिकार राज्याचा आहे. त्याआधारे १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. त्याच्या जोडीला विक्रीकरावर अधिभार, मोटार वाहनांवर व बागायती जमिनींवर जादा कर आले. या करांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची आणि सारा पैसा रोजगार हमी निधीत जमा करावयाचा, अशी व्यवस्था करण्यात आली. शहरातील पगारदाराने गावातील मजुराच्या कामाचा भार उचलावा, असा हा व्यवहार होता. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील अकुशल काम करण्यास तयार असलेल्या प्रौढ व्यक्तीला त्याने कामाचा हक्क दिला, आणि दिवसांची मर्यादा घातली नाही.

पंचायत सदस्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तत्पूर्वी व्यवसायावरील कर स्थानिक संस्थाही बसवीत असत. १९७५ च्या कायद्याने त्यांचा तो अधिकार संपला व त्यापोटी अनुदानाची तरतूद झाली. केंद्राने उत्पन्नाचे साधन आपल्याकडे घेऊन अनुदान द्यावे, ही राज्यांची तक्रार असते. येथे राज्य आणि स्थानिक संस्था यांच्या बाबतीत तोच प्रकार घडला, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे.

राज्याचा प्रयोग, देशाचा कायदा

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत आरंभ होऊन १ एप्रिल २००८ पर्यंत तो देशभरातील ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला. संघराज्यात एका घटकाने केलेला प्रयोग पुढे सर्वांचा व्हावा, याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल. अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च आणि साहित्याच्या खर्चाचा तीनचतुर्थांश भाग केंद्राने उचलला. राज्याच्या तिजोरीवरील ताण हलका झाला, यात शंका नाही. परंतु हमी आता व्यक्तीऐवजी कुटुंबाला आणि वर्षाला शंभर दिवसांची झाली. मजुरीचा दर केंद्र अधिसूचित करू लागले. शंभर दिवसांपुढील कामाचा खर्च महाराष्ट्राने स्वतःच्या निधीतून करणे चालू ठेवले. हे शक्य झाले ते राज्याचा स्वतःचा कायदा व स्वतःचा निधी शाबूत होता म्हणूनच.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांची तरतूद असून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाचे प्रमाण केंद्र ६० व राज्य ४० टक्के असे आहे. म्हणजे राज्याने स्वतःच्या उत्पन्नातून किती घालावे, हा १९७५ चा प्रश्न पुन्हा राज्याच्या अर्थसंकल्पापुढे आला आहे.

दरम्यान राज्याची करसाधने मात्र बदलली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि बहुतेक वस्तूंवरील विक्रीकर त्यात विलीन झाला. त्यामुळे विक्रीकरावर अधिभार लावून एखादी नवी योजना उभी करण्याचा १९७५ चा मार्ग आता राज्याला जवळजवळ मोकळा राहिलेला नाही. या कराचे दर ज्या परिषदेच्या शिफारशींवरून ठरतात, तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश व सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आहे. निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. केंद्राच्या संमतीवाचून तेथे काही होत नाही आणि एकट्या केंद्रालाही काही करता येत नाही. देशभर एक बाजारपेठ निर्माण होण्याचा लाभ मोठा आहे. पण एकट्या राज्याने स्वतःच्या जबाबदारीवर काही नवे आरंभावे, याला लागणारी मोकळीक तेवढी उणावली, हेही खरे.

उरला व्यवसाय कर. १९३५ च्या कायद्याच्या काळात त्याची मर्यादा वार्षिक ५० रुपये होती. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने ती २५० रुपये केली. महाराष्ट्राने रोजगार हमीसाठी हा कर बसविला तो या २५० रुपयांच्या मर्यादेतच. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तेथेच थांबली. त्यानंतर वेतने व किमती किती वाढल्या, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. चौदाव्या व पंधराव्या वित्त आयोगांनी मर्यादा वाढविण्याची शिफारस केली. घटनादुरुस्ती झालेली नाही. ही दुरुस्ती संसदेनेच करावयाची आहे. सातव्या अनुसूचीतील एखादी सूची बदलावयाची झाल्यास निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता घ्यावी लागते. २७६ व्या अनुच्छेदाचा समावेश त्या यादीत नाही. कर राज्य सूचीतील, तो वसूल करणारे राज्य. परंतु त्याचा आकडा वाढवावयाचा की नाही, हे ठरविताना राज्यांच्या विधानमंडळांना विचारण्याचे बंधन नाही.