जास्तीचे खाद्य

मुलांनो, मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार म्हणून ओळखले जाते. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. भुकेल्याला अन्न मिळाले की तो जगतो. पण पोट भरल्यावरही खातच राहिले, तर? वनस्पतींचेही असेच आहे.

वनस्पतींचे एक मुख्य खाद्य म्हणजे नत्र. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. पण बहुतेक वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. म्हणून शेतकरी युरिया टाकतात. त्यातला काही भाग पाण्याबरोबर ओढ्याला जातो, तर काही अमोनिया वायू होऊन हवेत मिसळतो. वाहनांच्या धुरातूनही नत्राची संयुगे हवेत जातात. पुढे ती पावसाबरोबर खाली येतात. हे खत शेताचा बांध ओळखत नाही. ते पाणथळ जागीही पडते.

सातारा जिल्ह्यातील कास पठारावर मातीचा थर पातळ आहे. तिच्यात नत्र कमी असते. तेथे दवबिंदू ही चिमुकली वनस्पती चिकट पानांवर किडे पकडून नत्र मिळवते. अशा मातीत नत्र वाढले, तर उंच गवत माजते आणि लहान वनस्पती सावलीत मरतात. मातीतील जीवाणू अमोनियापासून नायट्रेट बनवतात, तेव्हा माती आम्लही होते. नेदरलँड्समधील पाणथळ जागी असे घडले आहे.

आपल्या जिल्ह्यातील उजनी जलाशयात नत्र मुख्यतः पाण्यातून येते. पुणे परिसरातील सांडपाणी आणि शेतातील खते भीमेतून तेथे पोहोचतात. त्यावर जलपर्णी फोफावते. ती पाणी झाकते. खाली ऊन पोहोचत नाही. ती कुजली की पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात. उजनीतून सोडलेले पाणी भीमेतून पुढे आपल्या तालुक्यापर्यंत येते.

पाणथळ मातीतील काही जीवाणू नायट्रेटचा पुन्हा नत्रवायू करतात. अशा रीतीने ती माती पाणी शुद्ध करते. पण तिच्याही शक्तीला मर्यादा आहे. म्हणून माती तपासून पिकाला लागेल तेवढेच खत द्यावे. त्यात शेतकऱ्याचा पैसा वाचतो आणि नदीही वाचते.

शब्दार्थ
कोठार – धान्य साठवण्याची जागा
पाणथळ – नेहमी ओलसर किंवा पाण्याखाली असणारी
फोफावणे – भराभर वाढणे

स्वाध्याय
१. दवबिंदू ही वनस्पती किडे का पकडते?
२. जलपर्णीमुळे मासे का गुदमरतात?
३. तुमच्या गावाजवळील ओढा पाहा व पाच वाक्ये लिहा.